हॉस्पिटल किती तासांवर आहे?

प्रश्न असा आलाय: दोघी बहिणी एकाच वेळी गरोदर आहेत. थोरली शहरात, धाकटी खेड्यात. ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल धाकटीपासून दोन तासांवर. थोरलीच्या तपासण्या नियमित चालू आहेत, दोन सोनोग्राफ्याही झाल्या. धाकटीला अठरावा आठवडा चालू आहे. गावातली नर्स बीपी बघते, गोळ्या देते, कार्डावर लिहिते, झालं. सोनोग्राफी अजून एकही नाही. घरचे म्हणतात, पूर्वी काय बाळंतपणं होत नव्हती का? थोरली विचारते, खरंच एवढा फरक पडतो का, आणि बाळंतपण होईपर्यंत तिला माझ्याकडेच आणून ठेवू का?

आत्तापासून आणून ठेवायची गरज नाही. पण येत्या आठ-दहा दिवसांत एकदा आणा, बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा आणा आणि शेवटचे दोन-तीन आठवडे तिचा मुक्काम हॉस्पिटलजवळ असेल असं बघा. का ते सांगते. मी सव्वीस वर्षं बाळंतपणं करते आहे, त्यातली पहिली अकरा एका ग्रामीण रुग्णालयात आणि पुढची शहरात. दोन्हीकडच्या चुका मी पाहिल्यात, काही माझ्या हातूनही झाल्यात.

बहुतेक बाळंतपणं कुठेही नीट होतात, घरच्यांचं तेवढं म्हणणं खरं आहे. साधारण शंभरातल्या पंधराजणींना काहीतरी गंभीर गुंतागुंत होते असा अंदाज धरतात. अडचण ही की त्या पंधरा कोणत्या, हे आधी पुरतं कळत नाही. धडधाकट, पहिलटकरीण नसलेली, सगळे रिपोर्ट चांगले असलेली बाईसुद्धा बाळ झाल्यावर दहा मिनिटांत पांढरीफटक पडू शकते. म्हणून शहर आणि गाव यांतला फरक पंच्याऐंशीजणींना जाणवतच नाही. आणि गावात त्यांचीच संख्या जास्त असल्यामुळे ‘काही होत नाही’ हा समज पक्का होतो.

आम्हाला शिकताना एक जुना हिशोब शिकवला जायचा. काहीच उपचार मिळाला नाही तर कोणत्या त्रासात बाई साधारण किती वेळ तग धरते? बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात दोन तास. बाळंतपणाआधी वार सुटून किंवा वार खाली असल्यामुळे अंगावरून गेलं तर बारा तास. झटके आले तर दोन दिवस. मूल अडलं तर तीन दिवस. जंतुसंसर्गात सहा दिवस. हे सरासरी अंदाज आहेत, घड्याळ लावून बसण्यासारखे नाहीत. पण तुमच्या बहिणीचं हॉस्पिटल दोन तासांवर आहे हे या यादीशेजारी ठेवून बघा. मूल अडलं तर दोन तासांचा रस्ता परवडतो. रक्तस्रावात तो परवडत नाही; तिथे पहिला उपचार जागेवरच व्हावा लागतो.

आणि हे दोन तासही कागदावरचेच. १९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी बाळंतपणातल्या मृत्यूंकडे बघण्याची एक पद्धत मांडली, ती आजही आम्ही वापरतो. उशीर तीन ठिकाणी होतो: घरी निर्णय घ्यायला, वाटेत पोचायला आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला. खेड्याबद्दल बोलताना लोक फक्त रस्त्याबद्दल बोलतात. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त तास पहिल्या उशिरात जातात. पहाटे तीनला पाणी गेलं, ‘उजाडल्यावर बघू’. डोकं फार दुखतंय, ‘झोप नीट झाली नसेल’. जिला त्रास होतोय तिला निर्णय घ्यायचा अधिकार नसतो आणि ज्याला अधिकार आहे तो घरी नसतो. मग गाडी शोधायची. मग ज्या जवळच्या केंद्रात नेलं तिथे फक्त कागद लिहून पुढे पाठवलं. माझ्याकडे अशा बायका यायच्या की ज्यांचा प्रवास दोन तासांचा होता आणि कळा सुरू होऊन तीस तास झाले होते.

आता तपासण्यांकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नात मोजणी तपासण्यांची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणातल्या भेटींची शिफारस चारवरून आठवर नेली: पहिली बारा आठवड्यांच्या आत, मग २०, २६, ३०, ३४, ३६, ३८ आणि ४० व्या आठवड्याला. पण भेटी किती झाल्या यापेक्षा भेटीत काय झालं हे मी आधी विचारते. बीपी, हिमोग्लोबिन, लघवीतली प्रथिनं आणि साखर, वजन, पोट मोजून बाळाची वाढ. यातल्या एकाही गोष्टीला शहर लागत नाही. नीट चालणारं बीपीचं मशीन आणि ते प्रामाणिकपणे वापरणारा माणूस लागतो.

गावात असताना एकदा एका केंद्रातली पन्नासेक कार्डं घेऊन बसले होते. प्रत्येक बाईचं, प्रत्येक महिन्याचं बीपी १२०/८०. पन्नासजणींचं बीपी नऊ महिने एकाच आकड्यावर राहत नसतं. चौकशी केली तर मशीनचा पट्टा फाटलेला होता, नवीन मागून सहा महिने झाले होते आणि रकाना रिकामा ठेवला की वरून ओरडा बसायचा. त्या नर्सला मी दोष देऊ शकले नाही; चार वस्त्या ती एकटी पायी फिरत होती. पण त्या पन्नासजणींच्या नावावर ‘तपासणी पूर्ण’ अशी नोंद झालेली होती. शहरी आणि ग्रामीण आकडेवारी शेजारी ठेवून ‘फरक कमी झाला’ असं कुणी म्हटलं की मला ती कार्डं आठवतात.

हिमोग्लोबिनचंही तसंच. लोहाच्या गोळ्या मिळणं आणि त्या पोटात जाणं यात बरंच अंतर आहे. गोळ्यांनी मळमळतं, शौचाला काळं होतं, पोट धरतं, आणि हे होणार असं आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून बायका त्या बंद करतात. गरोदरपणात ११ ग्रॅमच्या खाली म्हणजे ॲनिमिया, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं तर १२ हिमोग्लोबिनवाली बाई दोन दिवस थकते. ७ वाल्या बाईचं हृदय तेवढ्यानेच हात टेकू शकतं. ज्या बाईच्या जवळ रक्तपेढी नाही तिचं हिमोग्लोबिन शहरातल्या बाईपेक्षा चांगलं असायला हवं. बहुतेक ठिकाणी चित्र नेमकं उलटं असतं.

सोनोग्राफीबद्दल थोडं विस्ताराने, कारण तुमच्या बहिणीची एकही झालेली नाही. शहरात सोनोग्राफी म्हणजे बाळाचं तोंड बघायचा कार्यक्रम झालाय. सात-सात, आठ-आठ होतात आणि त्यातल्या बऱ्याचशा वगळल्या तरी काही बिघडत नाही. पण चोविसाव्या आठवड्याआधीची एक सोनोग्राफी प्रत्येकीला मिळाली पाहिजे. तिचा पहिला उपयोग दिवस मोजायला. पहिल्या तीन महिन्यांत मोजलं तर प्रसूतीची तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने कळते. आठव्या-नवव्या महिन्यात मोजलं तर चूक तीन आठवड्यांपर्यंत जाते. गावातल्या कितीतरी बायकांची पहिली सोनोग्राफी आठव्या महिन्यातच होते आणि पाळीची तारीख धड आठवत नसते. मग दिवस उलटून गेलेत की अजून भरायचेत, मूल वाढीत मागे आहे की दिवस कमी म्हणून लहान आहे, याचं उत्तर कुणालाच देता येत नाही.

याचे परिणाम किती दूरवर जातात ते एका औषधावरून दाखवते. बाळ मुदतीआधी होण्याची शक्यता दिसली की आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्याने बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. मोठ्या हॉस्पिटलांत याने असंख्य बाळं वाचली आहेत. साहजिकच वाटलं, हेच खेड्यापाड्यांत नेऊ. २०१५ मध्ये सहा देशांतल्या, बहुतांशी ग्रामीण भागांतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. सुमारे एक लाख बाळंतपणं त्यात होती. लहान बाळांना फायदा झाला नाही, आणि एकूण नवजात मृत्यू उलट वाढले. कारणांवर बराच वाद झाला, पण एक गोष्ट ठळक होती: दिवस पाळीच्या तारखेवरून आणि पोटाच्या उंचीवरून मोजले होते आणि इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याचजणींचं बाळंतपण प्रत्यक्षात पूर्ण दिवसांनी झालं. पुढे २०२० मध्ये पाच देशांतल्या हॉस्पिटलांत पुन्हा चाचणी झाली. या वेळी दिवस सोनोग्राफीने पक्के केले होते आणि नवजात बाळांची काळजी घ्यायची बरी सोय होती. मृत्यू कमी झाले. औषध तेच. भोवतालची व्यवस्था वेगळी. ‘शहरात आहे ते गावात नेऊन द्या’ म्हणजे फरक मिटेल असं मानणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगते.

पूर्वीच्या बाळंतपणांबद्दल घरच्यांना काय सांगायचं? जुन्या काळी गरीब-श्रीमंत, गाव-शहर असा मोठा फरक नव्हता हे काही अंशी खरं आहे, कारण उपचारच नव्हते. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दर लाख बाळंतपणांमागे चारशेच्या आसपास बायका मरत होत्या, आणि पैसेवाल्या घरांतल्याही मरत होत्या. जंतुसंसर्गावरची सल्फा औषधं आली, मग पेनिसिलिन, रक्त चढवायची सोय, सुरक्षित सिझेरियन, आणि आकडा झपाट्याने उतरला. फरक पडायला लागला तो तेव्हापासून. उपचार एका ठिकाणी आले आणि दुसऱ्या ठिकाणी पोचलेच नाहीत. २०२३ मध्ये जगात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणाशी आणि बाळंतपणाशी संबंधित कारणांनी गेल्या, म्हणजे दिवसाला सातशेच्या वर. गरीब देशांत दर लाख जिवंत जन्मांमागे ३४६, श्रीमंत देशांत १०. पूर्वी बाळंतपणं होत होती, हो. त्यातल्या किती बायका उठल्या नाहीत याची मोजदाद बहुतेक ठिकाणी कुणी ठेवली नव्हती.

ज्यांनी ही मोजदाद ठेवली तिथे काय झालं बघा. श्रीलंका श्रीमंत नव्हता, पण प्रशिक्षित सुईणी गावोगाव नेमल्या, त्यांच्यामागे हॉस्पिटलं उभी केली आणि प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करायची शिस्त लावली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत तिथला मातामृत्यूचा दर साधारण दर सहा ते बारा वर्षांनी निम्मा होत गेला. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सुईण आणि हॉस्पिटल यांच्यामधली दोरी. सुईणीला एकटं सोडलं नाही.

रक्तस्रावाकडे परत येते, कारण दोन तासांचा हिशोब तिथेच खरा अडतो. बाळ बाहेर आल्याबरोबर आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं की गर्भपिशवी आवळते आणि रक्तस्रावाचा धोका बराच कमी होतो. हे साधं, जुनं औषध आहे. पण ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं, आणि दिवसातून सहा तास वीज जाणाऱ्या केंद्रातल्या फ्रीजमधलं इंजेक्शन कधीकधी नुसतं पाणी झालेलं असतं. नर्स देते, कार्डावर लिहिते, पिशवी मात्र आवळत नाही. तेच काम करणाऱ्या, पण उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिन या औषधाची २०१८ मध्ये दहा देशांतल्या जवळपास तीस हजार बायकांवर चाचणी झाली आणि ते बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यात ऑक्सिटोसिनपेक्षा उणं पडलं नाही. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्त थांबवायला मदत करणारं औषध रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, हे २०१७ मध्ये वीस हजार बायकांच्या चाचणीत दिसलं. आणि माझं सर्वांत आवडतं: २०२३ मधली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ऐंशी हॉस्पिटलांची चाचणी. आईच्या खाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, रक्त नजरेने अंदाज न करता त्यात मोजायचं आणि प्रमाण वाढताच गर्भपिशवीची मालिश, औषधं, सलाइन, तपासणी हे सगळं एका पाठोपाठ न थांबता करायचं. गंभीर परिणाम साठ टक्क्यांनी कमी झाले. आम्ही डॉक्टर चादरीकडे बघून ‘फार नाही गेलेलं’ म्हणतो आणि निम्म्या वेळा चुकतो, हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

झटक्यांचंही तसंच. बीपी वाढून लघवीत प्रथिनं जाऊ लागलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट दिलं तर झटके येण्याचा धोका निम्म्यावर येतो. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायकांच्या चाचणीने हे पक्कं केलं. स्नायूत इंजेक्शन देऊन पहिला डोस कुठल्याही लहान केंद्रात देता येतो. तरीही मी ग्रामीण रुग्णालयात असताना खालच्या केंद्रांतून बायका यायच्या त्या नुसत्या चिठ्ठीसह. औषध कपाटात असायचं, ‘काही झालं तर आमच्यावर येईल’ म्हणून कुणी देत नसे. या भीतीला औषध नाही. प्रशिक्षण, आणि फोनवर ‘दे, मी आहे’ म्हणणारा वरिष्ठ, एवढंच.

ऑपरेशनला मात्र जागा लागते. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त, तिन्ही एकाच रात्री एकाच इमारतीत लागतात. गावातल्या हॉस्पिटलात बहुधा यातलं एक नसतं. मोझांबिकने यावर जो मार्ग काढला त्याबद्दल डॉक्टर मंडळी फारशी बोलत नाहीत. १९८४ पासून त्यांनी डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण दिलं. पुढच्या अभ्यासात दिसलं की ग्रामीण हॉस्पिटलांतल्या मोठ्या प्रसूती-शस्त्रक्रियांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त हेच लोक करत होते, आणि सात वर्षांनंतर त्यांतले ८८ टक्के ग्रामीण भागातच होते. त्याच ठिकाणी नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. मी स्वतः अकरा वर्षांनी शहरात आले, तेव्हा मला यावर फार बोलायचा अधिकार नाही.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, शहरात आपण सुखरूप. थोडं थांबा. अंतर हा फक्त गरीब देशांचा प्रश्न नाही: अमेरिकेत एक तृतीयांशाहून जास्त काउंट्यांमध्ये, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये, प्रसूतीची सोय असलेलं हॉस्पिटलही नाही आणि प्रसूतितज्ज्ञही नाही. आणि उलट, शहरात राहणं म्हणजे सोय मिळणंही नव्हे. नैरोबीच्या कोरोगोचो आणि विवांदानी या झोपडवस्त्यांत २००३ ते २००५ मध्ये मातामृत्यूचा दर लाखामागे सातशेच्या आसपास निघाला, म्हणजे केनियाच्या राष्ट्रीय आकड्याहूनही वर. मोठी हॉस्पिटलं त्याच शहरात. पण रात्री वस्तीतून बाहेर पडायची भीती, दारात पैशांची मागणी, कामावरून सुटी नाही. ‘शहर विरुद्ध गाव’ या सरासरीत या बायका दिसेनाशा होतात.

तुमच्यासारख्या, म्हणजे सोय परवडणाऱ्या शहरी बाईचे धोके आणखी वेगळे. एक म्हणजे धागा तुटणं. सोनोग्राफी एका ठिकाणी, रक्ततपासणी दुसरीकडे, डॉक्टर दोनदा बदलले, बाळंतपण तिसरीकडे. गावातल्या नर्सला तिच्या पंचवीस गरोदर बायका तोंडपाठ असतात. शहरात सहा माणसं एका बाईला बघतात आणि कुणालाच ती पूर्ण माहीत नसते. मी एकदा एका बाईचं वाढत गेलेलं बीपी तीन वेगवेगळ्या फायलींत पाहिलं, प्रत्येक फायलीत एकेकच आकडा होता आणि एकटा बघितला तर तो काळजी वाटावी असा नव्हता.

दुसरा धोका गरज नसताना होणारं सिझेरियन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या निवेदनानुसार एखाद्या लोकसंख्येत सिझेरियनचं प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत वाढतं तोवर आई-बाळांचे मृत्यू कमी होतात. त्याच्या पुढे वाढल्याने मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत. शहरातल्या खासगी हॉस्पिटलांत हे प्रमाण कुठच्या कुठे गेलंय आणि कितीतरी ग्रामीण भागांत पाचपर्यंतही पोचत नाही. एकाच देशात एकीला नको ते ऑपरेशन होतं आणि दुसरीला हवं ते मिळत नाही. शिवाय यात एक गाठ आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. शहरात पहिलं सिझर झालेली बाई दुसऱ्या वेळी गावी राहत असेल, तर तिच्या गर्भपिशवीवर व्रण आहे, तो कळांमध्ये उसवू शकतो, वार त्या व्रणावर रुजू शकते. शहरातल्या सोयीने दिलेला धोका ती दोन तासांच्या अंतरावर घेऊन जाते.

आता तुमच्या बहिणीचं. माझं एकूण म्हणणं असं की जे निर्णय तुम्ही कळा सुरू झाल्यावर घेतले तरी चालतात, ते तिने सातव्या महिन्यात घेऊन ठेवायचे. तुमच्याजवळ वेळ शिल्लक आहे, तिच्याकडे नाही, म्हणून तिने तो आधीच काढून ठेवायचा.

अठरा ते वीस आठवडे ही बाळाचे अवयव नीट बघायची आणि दिवस पक्के करायची चांगली वेळ आहे, म्हणून आठ-दहा दिवसांत आणा म्हटलं. त्याच फेरीत रक्तगट (निगेटिव्ह असेल तर पुढचं इंजेक्शन ठरवावं लागतं), हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, सिफिलिस आणि काविळीची तपासणी उरकून घ्या. आणि डॉक्टरांना एक गोष्ट आठवणीने विचारा. तिला आधीपासून बीपी, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल, जुळं असेल, किंवा मागच्या खेपेला बीपी वाढलं असेल, तर कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करायची का? ती शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करतात, उशीर होईल तसा फायदा कमी होतो असं मानतात. तुमची बहीण अगदी शेवटच्या गाडीला आहे. मनाने मात्र सुरू करू नका.

बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी फेरी. वार खाली आहे का, बाळ आडवं किंवा पायाळू आहे का, वाढ बरोबर आहे का, हे बघून बाळंतपण कुठे व्हायचं ते त्या दिवशी ठरवायचं. मधल्या काळातलं बाकी सगळं गावातली नर्स करू शकते. तिला टाळू नका, तिच्याशी तुम्ही स्वतः फोनवर बोला. मधल्या तपासण्यांचे आकडे तुम्हाला तिच्याकडूनच मिळतील, आणि शहरातल्या रिपोर्टांची प्रत तिच्याकडेही असू द्या.

मग मुक्काम. सदतिसावा-अडतिसावा आठवडा लागला की तिला हॉस्पिटलच्या अर्ध्या तासाच्या आत आणा. तुमच्याकडे किंवा हॉस्पिटलच्या गावात कुणाकडे. बऱ्याच देशांत यासाठी हॉस्पिटलशेजारी प्रतीक्षागृहं असतात. ऑस्ट्रेलियाच्या आणि उत्तर कॅनडाच्या दुर्गम भागांतल्या बायकांना तर कित्येक दशकं छत्तीस-अडतीस आठवड्यांना शहरात पाठवलं जातं. वैद्यकीयदृष्ट्या ते समजतं, पण त्या बायका आठवडेच्या आठवडे अनोळखी जागी एकट्या राहिल्या, पहिली मुलं घरी ठेवून, आणि त्यांची त्याबद्दलची तक्रार अगदी रास्त आहे. तुमची बहीण तुमच्याकडे असेल, हा तिचा मोठाच फायदा. तिच्यासोबत तिच्या विश्वासाचं आणखी कुणी येणार असेल तर येऊ द्या.

गाडी कुणाची, चालवणार कोण, दुसरी कोणती, तिच्या रक्तगटाचे दोन रक्तदाते कोण, हे एका कागदावर लिहून घरात सगळ्यांना दिसेल असं लावा. आणि सर्वांत वर हे लिहा: खालीलपैकी काहीही झालं तर कुणालाही न विचारता निघायचं. अंगावरून रक्त जाणं. पाणी जाणं. असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, छातीखाली पोटात दुखणं, चेहरा-हात अचानक सुजणं. झटका. ताप. दम लागणं. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी होणं. ‘न विचारता’ हे शब्द घरातल्या मोठ्या माणसांकडून आत्ताच कबूल करून घ्या. रात्री तीनला ती चर्चा करायला वेळ नसतो.

बाळ झाल्यावर लगेच परतायची घाई नको. निदान चोवीस तास हॉस्पिटलात, आणि तिचं घर दूर आहे म्हणून पहिला आठवडा जवळपासच. बीपी बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा वर जाऊ शकतं, आणि त्याच सुमाराला सगळ्यांचं लक्ष बाळाकडे गेलेलं असतं. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, ताप येत असेल, डोकं दुखत असेल, तर ‘बाळंतिणीला होतंच’ म्हणून सोडू नका.

तुम्ही प्रश्नात तिच्या कार्डाचा उल्लेख केलाय, पण त्यावर काय लिहिलंय ते लिहिलेलं नाही. आज तिला फोन करून बीपीचे आत्तापर्यंतचे सगळे आकडे वाचून दाखवायला सांगा. सगळे १२०/८० निघाले, तर सोनोग्राफीला आणाल तेव्हा आधी बीपी मोजून घ्या.